मधले दरपत्रक

मामंजींना जाऊन चौदा वर्षे लोटली होती, तरी त्यांच्या अनुज्ञेवाचून त्या घरातल्या एखाद्या खिळ्यालाही हात लावण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. अनुज्ञा एकच होती आणि ती सार्वकालिक होती. कोणतेही काम निघाले की तीन कारागिरांकडून दरपत्रके मागवावीत. सर्वांत स्वस्त ते लबाडाचे म्हणून बाजूला सारावे, सर्वांत महाग ते लुटारूचे म्हणून त्याच्यावर ठेवावे, आणि उरलेले मधले ते सज्जनाचे मानून मंजूर करावे. कारागिराची विद्या, त्याची हत्यारे, किंवा त्याने काम डोळ्यांनी पाहिले आहे की नाही, असल्या क्षुद्र गोष्टींना या सिद्धान्तात स्थान नव्हते. सिद्धान्त निर्दोष होता. घरच तेवढे दिवसेंदिवस सदोष होत चालले होते.

गेल्या मंगळवारी धुराड्याने आपले मत जाहीर केले. त्याच्या माथ्यावरून दीड वीट सुटली, कौलांवरून घरंगळली आणि अंगणातल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसली. सकाळी नऊ वाजता त्या खुर्चीत मामंजींचे थोरले चिरंजीव वर्तमानपत्र वाचीत. त्या दिवशी चहाला उशीर झाल्यामुळे ते अजून आतच रागावत होते. ज्या दोषाबद्दल थोरल्याबाईंनी एकतीस वर्षे बोलणी खाल्ली, त्याच दोषाने नवऱ्याचा जीव वाचवला, हे त्यांनी त्यानंतर दिवसातून तीनदा आणि कुणी भेटायला आल्यास चार वेळा सांगायला आरंभ केला.

म्हणून आज, रविवारी सकाळी, बैठकीतल्या, धुराड्याच्या पायथ्याशी भिंतीत बांधलेल्या, विझलेल्या शेगडीसमोर कुटुंब जमले होते. मेजावर तीन दरपत्रके होती आणि त्यांवर वजन म्हणून ती अर्धी वीट. थोरले मेजामागे होते. दस्तनोंदणी कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली होती, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. धाकटे खिडकीशी उभे होते. ते विम्याच्या पॉलिस्या विकत आणि घरातही असे वागत, जणू समोरच्याचे काहीतरी होणारच आहे. थोरल्याबाई सोफ्यावर होत्या. आणि दाराजवळच्या स्टुलावर, जिथून उठायला सर्वांत सोपे पडते तिथे, मधल्याबाई.

मधले दीर, म्हणजे मधल्याबाईंचे यजमान, जाऊन बारा वर्षे झाली होती. मधल्याबाई वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहत आणि पूर्वेच्या खिडकीशी बसून रफूचे काम करीत. गावातले चांगले कोट, शाली, एखाद्या वकिलाची वाळवीने सन्मानित केलेली पँट, सारे त्यांच्याकडे येई आणि जिथे भोक होते तिथे काहीच नव्हते असे होऊन परत जाई. या कामाला बोटे लागत, त्याहून अधिक उजेड लागे. त्या खोलीत उजेड होता. धूरही होता, पण धूर येतो असे त्या म्हणाल्या की घरचे त्यांच्या नाकाच्या तीक्ष्णतेची प्रशंसा करीत आणि विषय संपवीत.

“मधलं कोटेशन,” थोरल्यांनी चष्मा लावून वाचायला घेतले, “धुराडं छपरापर्यंत उतरवणे. वर फरशी टाकून बंद करणे. शेगडी बुजवणे. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीतलं फडताळ बुजवून, भिंती सपाट करून, रंग देऊन, खोली ऑफिसला योग्य करून देणे.”

“कुणाच्या ऑफिसला?” मधल्याबाईंनी विचारले.

धाकट्यांनी खिडकीबाहेर काहीतरी मनोरंजक पाहिले.

थोरले मधल्याबाईंशी थेट बोलत नसत. त्या सून म्हणून आल्या तेव्हा पहिल्या वर्षी मर्यादा म्हणून ही पद्धत पडली होती; पुढे मर्यादा कशासाठी होती ते सगळे विसरले आणि पद्धत तेवढी तेवीस वर्षे टिकली. त्यांना जे सांगायचे ते थोरले आपल्या पत्नीला सांगत, मग मधल्याबाई चार हातांवर का बसलेल्या असेनात.

“त्यांना म्हणावं,” ते थोरल्याबाईंकडे वळून म्हणाले, “हे सगळं त्यांच्या प्रकृतीसाठीच चाललंय. वर धूर येतो, अशी त्यांचीच तक्रार होती ना? तर स्वयंपाकघरामागची खोली त्यांना देऊ. धुराचं नाव नाही.”

“तुझ्या प्रकृतीसाठी चाललंय, म्हणतात,” थोरल्याबाई म्हणाल्या.

“ऐकलं मी, ताई.”

स्वयंपाकघरामागच्या खोलीला एक खिडकी होती. ती हातभर उंचीची होती आणि सरपणाच्या ढिगावर उघडत असे. त्या खोलीत काळ्या कापडात काळा दोरा ओवायचा म्हणजे केवळ श्रद्धेचे काम. मधल्याबाईंनी मनाशी हिशेब केला: खोली गेली की उजेड गेला, उजेड गेला की रफू गेले, आणि मग दर महिन्याला काही हवे झाले की ‘त्यांना म्हणावं’ असे कुणामार्फत तरी म्हणावे लागेल.

“तिथे मला सुई दिसायची नाही,” त्या म्हणाल्या.

“एक चांगला दिवा लावून देतो की, वहिनी,” धाकटे उदारपणे म्हणाले. “आणि खरं सांगू का? या वयात डोळ्यांना विश्रांती हवी. माझ्याकडे एक योजना आहे, डोळ्यांसाठी…”

“तुमच्या योजनेतच मी बसलेय, भाऊजी. ती समजली.”

एवढ्यात दाराशी काहीतरी लाकडी आपटले. लांब शिडीचे एक टोक उंबऱ्याच्या आत आले आणि त्यामागोमाग एक पन्नाशीची बाई. हातांना चुन्याने भेगा पडलेल्या, अंगात जुना जाड कोट, खांद्यावर हत्यारांची पिशवी.

“कोण पाहिजे?” थोरल्यांनी विचारले.

“धुराडं.”

“गवंडी कुठे आहे?”

“हा काय. मीच.”

“मी बोलावलंय त्यांना,” मधल्याबाई स्टुलावरून उठत म्हणाल्या. “मागच्या महिन्यात हा कोट रफूला आणला होता त्यांनी. त्यांच्या वडिलांचा आहे. तेही गवंडीच होते.”

थोरल्यांच्या मुखावर जी व्यथा उमटली ती कोटाबद्दल नव्हती, बाईबद्दलही नव्हती. ती गणिताची होती. “चौथं?” ते पत्नीला म्हणाले. “अगं, त्यांना म्हणावं, चौथं कोटेशन कसं घेता येईल? चारांतलं मधलं कुठलं?”

“दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी काढावी लागेल, दादा,” धाकटे म्हणाले.

“सरासरी म्हणजे कोण? सरासरी थापी घेऊन येणार आहे का कामाला?”

गवंडीणबाईंनी शिडी भिंतीला टेकवली. “भाव मी वर चढून आल्यावर सांगते. आधी सांगायची मला सवय नाही. या तिघांतलं छपरावर कोण चढलं होतं?”

“तिघेही अंगणातून नीट पाहून गेले,” थोरले म्हणाले. “अनुभवी माणसं आहेत.”

“आहेतच. खालून वर बघायचा त्यांचा अनुभव दांडगा आहे.” बाईंनी मेजावरच्या कागदांकडे नजर टाकली. “यंदा मधलं कुणाचं आलं?”

“यंदा म्हणजे?”

“म्हणजे पाळी कुणाची होती? साहेब, रागावू नका. या घरात मधलं घेतात, हे गावातल्या समस्त गवंड्यांना ठाऊक आहे. विटांच्या वखारीत बसून ठरवतात. एकाने चढता भाव लिहायचा, एकाने पडता, आणि ज्याची पाळी त्याने मधला. मलाही एकदा विचारलं होतं, पडता लिहून देतेस का म्हणून.”

मेजावरची वीटसुद्धा कागदांवर अवघडून बसल्यासारखी वाटू लागली.

“पुरावा?” थोरले म्हणाले. तेहेतीस वर्षे त्यांनी लोकांचे खोटे दस्त पकडले होते. खोटा कागद आपल्याच मेजावर येऊन बसेल आणि आपण त्यावर वजन ठेवू, हे त्यांना संभवनीय वाटत नव्हते.

मधल्याबाई पुढे झाल्या. त्यांनी वीट उचलली, तिन्ही कागद घेतले आणि खिडकीच्या उजेडात त्यांच्या कडा पाहिल्या. अक्षर त्यांनी वाचलेच नाही. त्यांचा धंदा कडांचा होता. कुठला धागा कुठून सुटला, हे त्यांची बोटे डोळ्यांआधी ओळखत. तिन्ही कागद वहीतून फाडलेले होते आणि तिन्हींच्या वरच्या कडेला डावीकडे एकच आडवी जीभ फाटून राहिली होती. त्यांनी तिन्ही एकावर एक ठेवले. फाट तंतोतंत जुळली.

“एका वहीतले आहेत, ताई. एका हाताने, एकदमच फाडलेले.”

थोरल्याबाईंनी कागद घेतले, पाहिले आणि नवऱ्यापुढे धरले. “एका वहीतले आहेत, म्हणते ती.”

“मला ऐकू येतं,” थोरले म्हणाले.

त्यानंतर गवंडीणबाईंना छपरावर जाऊ देण्यावाचून दुसरा उपाय उरला नाही. त्या पाऊण तासाने उतरल्या तेव्हा त्यांच्या मुठीत विटांच्या खपल्या होत्या, लाल आणि पापुद्र्यासारख्या. त्या त्यांनी दरपत्रकांवर ओतल्या.

“वरच्या विटांमधल्या दरजा सिमेंटने कुणी भरल्या?”

“आठ वर्षांपूर्वी,” थोरले म्हणाले. “अत्यंत पक्कं काम. मधल्या…” आणि ते थांबले.

“पक्कंच आहे. सिमेंट जिथल्या तिथे आहे, विटा तेवढ्या गेल्या. या जुन्या विटा मऊ भाजलेल्या, चुन्यात बसवलेल्या. चुना मऊ असतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंट सोडत नाही. मग ओल विटेतून वाट काढते आणि वीट सोलून निघते.”

“दोरा कापडाहून ताठ घेतला की असंच होतं,” मधल्याबाई म्हणाल्या. “रफू राहतं आणि भोवतीचं कापड फाटतं.”

गवंडीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि कोटाच्या कोपरावरून नकळत हात फिरवला. “बरोबर. तेच.”

“म्हणजे पाडायलाच हवं ना?” धाकट्यांनी आशेने विचारले.

“वरचे सात थर उतरवून चुन्यात पुन्हा बांधायचे. पाडायचं कशाला? पण आत कुठे फुटलंय ते बघू द्या. वर ओलं पोतं टाकून आलेय.”

त्यांनी शेगडीत ओला पेंढा रचला आणि पेटवला. पिवळट, दाट धूर वर चढू लागला. वर तोंड बंद होते. त्याला आता जिथे फट असेल तिथून निघणे भाग होते. कुटुंब घरभर पांगले, प्रत्येकजण दुसऱ्याच्या खोलीत धूर शोधू लागला. धाकट्यांनी थोरल्यांची अभ्यासिका तपासली, थोरल्यांनी धाकट्यांचे कपाट. दोन्हीकडे निराशा झाली.

मधल्याबाई आपल्या खोलीत उभ्या होत्या. त्यांना शोधावे लागले नाही. धुराड्याच्या भिंतीतल्या फडताळाची दारे बंद होती आणि त्यांच्या फटींतून धूर संथपणे बाहेर येत होता, रोज येणाऱ्या माणसाच्या सहजतेने.

“सापडलं!” दारातून थोरले म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात किती दिवसांनी तारुण्य आले होते. “अहो, इकडे या! दोष यांच्याच खोलीत आहे. यांच्याच फडताळात! उगीच घराला बोल लावत होत्या.”

गवंडीणबाईंनी दारे उघडली. आत घड्या घातलेले कपडे, दोऱ्यांची रिळे आणि मधल्या दिरांचा चष्मा होता. मधल्याबाईंनी सारे उचलून पलंगावर ठेवले, चष्मा स्वतःच्या हातात. मग फडताळाची मागची फळी निघाली. तिच्यामागे वीट नव्हतीच. धुराड्याची भिंत सरळ खणून काढलेली होती आणि धूर व ही खोली यांच्यामध्ये इतकी वर्षे ती एक फळी होती, काजळीने काळी ठिक्कर, तीन ठिकाणी तडकलेली.

“भिंत फोडून फडताळ केलंय,” बाई म्हणाल्या. “धुराड्याची भिंत. कुणी केलं हे?”

“नियमाबाहेर या घरात काही झालेलं नाही,” थोरले म्हणाले. “फाईल आहे. मधल्याच्या लग्नानंतरचं काम. त्याचाच आग्रह असणार. थांबा, दाखवतो.”

ते गेले आणि फाईल घेऊन आले. त्या घरातील प्रत्येक दरपत्रक, मंजूर असो वा नामंजूर, थोरल्यांनी जपून ठेवले होते, आणि हा त्यांचा गुण होता, हे निःसंशय मान्य करायला हवे. त्यांनी पलंगाच्या कडेला बसून दोरी सोडली आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतले.

“फडताळ, वरचा मजला, कोपऱ्याची खोली. कोटेशन पहिलं: सागवानी कपाट, वेगळं उभं, सर्वांत महाग. दुसरं: भिंत खणून फडताळ, मागे फळी. तिसरं, सर्वांत कमी: समोरच्या भिंतीवर तीन फळ्या.” ते क्षणभर थांबले, पण दस्त अर्धवट वाचण्याची त्यांना सवय नव्हती. “सूचना. खोलीची दक्षिणेकडची भिंत धुराड्याची आहे. ती फोडू नये. खोलीत धूर येईल, झोपणाऱ्या माणसाला बाधेल. दुसरं कुणी फोडणार असेल तर त्याला हा कागद दाखवावा.”

गवंडीणबाईंनी वाकून पाहिले. “हे बाबांचं अक्षर आहे.”

“खाली काय आहे?” थोरल्याबाईंनी विचारले. “तांबड्या शाईने काहीतरी आहे खाली.”

थोरल्यांनी फाईल मिटायला घेतली. तेव्हा त्यांच्या पत्नीने फाईल त्यांच्या हातातून घेतली, जे एकतीस वर्षांत झाले नव्हते, आणि स्वतः वाचले.

“‘सर्वांत कमी, सबब अग्राह्य. सूचनेचा विचार करण्याचे कारण नाही. मधले मंजूर.’ मामंजींची सही आहे. अक्षर तुमचं आहे.”

“त्यांनी सांगितलं, मी लिहिलं,” थोरले म्हणाले.

मधल्याबाई चष्म्याच्या काड्या मिटत होत्या आणि उघडत होत्या. अकरा हिवाळे त्या दोघांनी या खोलीत काढले होते. दर हिवाळ्यात शेगडी पेटली की यजमानांचा खोकला सुरू होई आणि उन्हाळ्यात थांबे. मधल्याची छाती मुळातच नाजूक, असे घराने ठरवले होते. डॉक्टरांनी हवापालट सुचवला तेव्हा तीन ठिकाणच्या खर्चाचा अंदाजही मागवला होता. खोकल्याने ते गेले असे डॉक्टर म्हणाले नव्हते. खोकल्याने गेले नाहीत, असेही कुणी म्हणाले नव्हते. मधल्याबाई फळीच्या तडकलेल्या फटीकडे पाहत राहिल्या. त्या फटीतून खालच्या पेंढ्याचा शेवटचा धूर अजून येत होता.

“वहिनी,” धाकटे हलक्या आवाजात म्हणाले, “मला ही खोली नको. खरंच नको. ऑफिस मी बाहेर कुठेतरी बघतो.” विम्याच्या माणसाला धोका आधी कळतो.

“पण मग काम कुणाला द्यायचं?” थोरले फाईलीकडे न पाहता म्हणाले. त्यांचा आवाज आता खणखणीत नव्हता. “तीन तर गेली.”

“तीन गेली, एकच उरलं,” थोरल्याबाई म्हणाल्या. “मग तेच मधलं. बाई, तुमचा भाव सांगा.”

गवंडीणबाईंनी सांगितला: वरचे सात थर, सगळ्या दरजा चुन्याने, आणि इथली भिंत मूळ जाडीची. तो भाव खालच्या मेजावरच्या तिन्ही कागदांहून कमी होता. मामंजींच्या हिशेबाने ते लबाडाचे दरपत्रक ठरले असते.

“फडताळ मात्र जाईल,” बाई मधल्याबाईंना म्हणाल्या. “बुजवावं लागेल.”

“जाऊ दे. समोरच्या भिंतीवर तीन फळ्या लावून द्या. तुमच्या वडिलांनी लिहिल्यात तशा.”

“पंधरा दिवस खोली वापरता यायची नाही.”

तेव्हा मधल्याबाईंनी चष्मा पदराच्या टोकात बांधला. “ताई, दादांना म्हणावं, पंधरा दिवस मला उजेडाची जागा लागेल. त्यांची अभ्यासिका पूर्वेला आहे. ते स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसतील. एक चांगला दिवा लावून देऊ.”

थोरल्याबाई नवऱ्याकडे वळल्या आणि निरोप जसाच्या तसा, एकही शब्द न गाळता, पोहोचवला. दिव्यावर त्यांनी थोडा जोर दिला.

थोरले उठले. फाईल बांधायची राहिली होती. कागद पलंगावर, रिळांच्या शेजारी, उघडेच पडले. ते दारापर्यंत गेले, थांबले आणि वळले. त्यांनी पत्नीकडे पाहिले नाही. तेवीस वर्षांत प्रथमच ते मधल्याबाईंकडे सरळ पाहत होते आणि असे पाहताना माणसाने हात कुठे ठेवायचे असतात हे त्यांना आठवत नसावे.

“माझी चूक झाली,” ते म्हणाले. “तुम्ही सांगत होता. मी… तुम्ही सांगत होता.”

खाली शेगडीतला पेंढा विझला होता. छपरावर कुणीतरी चढायला हवे होते, ओले पोते काढायला. गवंडीणबाईंनी छताकडे पाहिले, पण त्या हलल्या नाहीत. धाकटेही हलले नाहीत.

मधल्याबाईंनी रिळे गोळा केली. काळे, करडे, तपकिरी, एकेक करून पिशवीत टाकले. मग त्या थोरल्याबाईंकडे वळल्या.

“ताई, त्यांना म्हणावं, ऐकू आलं.”